कांदे, चार सेट

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.२०

आजपासून रोज लिहायचं. फक्त खरं. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून तर जास्तच खरं.

महिन्याचे संकल्प. ३१ तारखेपर्यंत ५० किलोचं डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. दिसायला सोपं. सध्या ३०. चहात साखर नाही. कोणाबद्दल पाठीमागे बोलायचं नाही. बोललंच तर तोंडावर बोलता येईल तेवढंच. चूक दिसली की जिची-तिला, ज्याची-त्याला, ताबडतोब आणि प्रेमाने सांगायची.

संध्याकाळी ८.००

जिमच्या मालकाने सगळ्यांना फळ्यासमोर गोळा केलं. संध्याकाळचा कोच सोडून गेला. आजपासून क्रेन. एक महिना ट्रायल, महिनाअखेर ग्रुपवर पोल, मतं पडली तर कायम. क्रेन हे टोपणनाव. तो खरोखरच गोदामाच्या यार्डात क्रेन चालवतो, अकरा वर्षं, आणि जिममध्ये सगळ्यात जास्त वजनही तोच उचलतो. कोणीतरी ओरडलं, मग यार्ड सोडणार का? तो म्हणाला, तुम्ही ठेवलंत तर उद्या सोडतो, तिथे वर डबीत बसून बसून गुडघे बोलायला लागलेत. सगळे हसले. तो हसला नाही. म्हणजे खरंच सोडायचं असेल.

एक नियम मालकाने त्याला पुन्हा ऐकवला. रोज साडेपाचला कोचने त्या दिवसाचा व्यायाम फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहायचा. आमच्याकडे फळा वाचल्याशिवाय कोणी बारला हात लावत नाही. क्रेनने मार्कर असा धरला की मला वाटलं तुटणार.

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.४५

क्रेन चांगला शिकवतो. मला म्हणाला, ताई, बार पायाला घासत वर यायला हवा, तो लांब गेला की कंबर बोंब मारते. आजवर हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ३२ किलो. चहात अर्धा चमचा साखर, पण चहाही अर्धाच कप होता.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५.४०, जिममधूनच

लवकर पोचले. क्रेन आणि मी, आणखी कोणी नाही. फळ्यावर त्याने लिहिलंय: आज कांदे. चार सेट. कांदे कानापर्यंत न्यायचे नाहीत.

खांदे लिहायचं होतं.

ताबडतोब आणि प्रेमाने सांगायचं, हा संकल्प आहे. पण त्याची पाठ होती. पाठीला काय सांगणार? शिवाय नुसतं तोंडी सांगितलं तर पटणार नाही, म्हणून पुरावा म्हणून फोटो काढला. तेवढ्यात तो वळला. मी म्हटलं, फोनवर वेळ बघत होते. त्याने विचारलं नव्हतं. भिंतीवर मोठं घड्याळ आहे.

संध्याकाळी ६.१०, चेंजिंग रूम

फोटो डेंटिस्टला पाठवला. फक्त सल्ल्यासाठी: याला कसं सांगावं? सोबत एक हसरा चेहरा, विषय जड वाटू नये म्हणून. डेंटिस्ट मोठी हुशार बाई. तिचा दवाखाना जिमच्या वरच आहे आणि ग्रुपवर सगळ्यात चांगले विनोद तीच करते. योग्य सल्ला देईल.

संध्याकाळी ६.१४

डेंटिस्टने सल्ला दिला नाही. फोटो ग्रुपवर टाकला.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी १.१५, छापखाना

जेवणाच्या सुट्टीत शांतपणे विचार केला. फोटो काढणं ही कृती. ग्रुपवर टाकणं ही दुसरी कृती. त्या दोन कृतींमध्ये एक पूर्ण वाढ झालेली, पदवीधर, स्वतःचा दवाखाना असलेली व्यक्ती उभी आहे. जबाबदारी तिथे थांबते.

ग्रुपचं नाव 'लोखंड परिवार'. बेचाळीस सभासद, क्रेन धरून. कालपासून १८६ मेसेज. कोणी विचारलंय, सोलून उचलायचे की सालासकट? कोणी म्हणतं, चौथ्या सेटला डोळ्यांतून पाणी येतंय, कोच, फॉर्म चुकतोय का? डेंटिस्टने लिहिलं, वॉर्म-अपला आधी लसूण करा. क्रेनने काल साडेसात वाजता एकच मेसेज टाकला: चुकलं. उद्या नीट लिहितो. त्यावर आमच्या बॅचमधल्या बँकवाल्याने लिहिलं, उद्या बटाटे का? त्याला एकोणतीस हसरे चेहरे.

तिसावा माझा. एकटीच गप्प राहिले असते तर संशय आला असता.

इथे माझ्या कामाबद्दल लिहून ठेवते, म्हणजे माझी बाजू समजेल. मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. मशीनवर जाण्याआधी शेवटची नजर माझी. मला चूक दिसते, यात माझा काय दोष? नऊ वर्षांची होईपर्यंत मला आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने घरी शिकवलं, कारण आत्याचा शाळांवर विश्वास नव्हता. चुकलेला शब्द ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावायची. आठवडाभर. येणारा-जाणारा, दूधवाला, काका, काकू, सगळे वाचायचे. काका तर तो शब्द घेऊन मला हाक मारायचे. पाहुणे आले की मी टेबलाखाली बसायची, पण ते मला टेबलाखाली आवडायचं म्हणून. मला त्याचा फायदाच झाला.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.३०

आज बेंचवर कोणीतरी खरे कांदे ठेवले होते. पाच. आकाराप्रमाणे ओळीत, डंबेल्स लावतात तसे. क्रेन आला, बघितलं. सगळे फोन काढून तयार. त्याने पाचही उचलून बॅगेत टाकले आणि म्हणाला, बरं झालं, घरी संपलेच होते.

व्हिडिओ फसला. डेंटिस्ट म्हणाली, माणसाला विनोदबुद्धी नाही.

मला वाईट वाटलं, हे इथे नमूद करते. सोमवारी त्याला बाजूला घेऊन सांगणार, फोटो माझा होता. वाक्यही ठरलंय. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज अजिबात कापला नाही.

९ मार्च, सोमवार. संध्याकाळी ८.००

सांगितलं नाही. तो एका आजोबांना स्क्वॉट शिकवत होता. आजोबा अर्ध्या बैठकीत होते. अशा वेळी मध्ये बोलणं धोक्याचं.

३५ किलो.

११ मार्च, बुधवार. दुपारी १.२०

फोटो बाहेर गेला. जिमचं जे पान आहे त्यावर कोणीतरी टाकला, तिथून कुठे कुठे. अनोळखी लोक लिहितात. एकाने लिहिलंय, अशांच्या हाती लोक पाठीचा कणा देतात. एकाने लिहिलंय, मेंदूचेही चार सेट करा. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या कमेंट वाचल्या, दोनशे चाळीस. कोणीतरी वाचायला हव्या होत्या. त्यांपैकी एकशे अकरांत शुद्धलेखनाच्या चुका. लोकांना लाज नाही.

संध्याकाळी ८.१०

आज फळा दहा मिनिटं उशिरा लागला. कारण कळलं. क्रेनची मुलगी आठवीत आहे. तो आता दुपारी यार्डातून फोनवर तिला मजकूर सांगतो, ती शाळेतून आल्यावर कागदावर लिहून देते, आणि तो कागद डाव्या हातात धरून फळ्यावर उतरवतो. एकेक अक्षर. मागे आम्ही सगळे उभे. बँकवाला हळूच म्हणाला, कोणीतरी तोवर कांदे चिरून घ्या. हसण्याचा आवाज क्रेनच्या कानापर्यंत गेला असणार, कारण हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

अक्षर मात्र सुधारलंय. म्हणजे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं म्हणायला जागा आहे. हे मी त्याला सांगणारच होते. पण त्यासाठी आधी फोटोचं सांगावं लागलं असतं.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ९.००

ग्रुपवर तीन दिवस कांद्याचं नाव नाही. विषय थकला. आता बँकवाल्याच्या नव्या तंग पँटवर चाललंय.

ही योग्य वेळ. लोक शांत असताना तत्त्वाचं बोललेलं पोचतं. काल दोन तास बसून निवेदन लिहिलं, सात मुद्दे. थट्टा चुकीची असावी, व्यक्तीची नसावी. थट्टेपूर्वी आपण त्या जागी असतो तर, असा विचार करावा. वगैरे. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त 'कांदे प्रकरण' म्हटलं. पाठवलं.

सकाळी ९.४०

प्रतिसाद भरपूर.

सकाळी १०.१५

कांदे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जे पाच-सहा सभासद या आठवड्यात नवे आले होते, त्यांना फोटो माहीत नव्हता. त्यांनी मागितला. डेंटिस्टने दिला. मला 'मुख्याध्यापिका' म्हणतायत, पण त्यात आदर आहे. एकाने विचारलं, बाई, कांदे प्रकरण हा धडा कितवा? क्रेनने काही लिहिलं नाही. मात्र मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याच्या नावापुढे दिसतात.

मी माझं कर्तव्य केलं.

१६ मार्च, सोमवार. संध्याकाळी ८.००

डेंटिस्टने फोटोखाली ओळ लिहायची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस, दात साफ करून मिळतील. आणि परीक्षक मी! म्हणाली, भाषा तुझ्याइतकी कोणाची स्वच्छ नाही.

आधी नाही म्हणणार होते. मग विचार केला. मी नाही म्हटलं तर स्पर्धा बंद होणार नाही. बँकवाला परीक्षक होईल आणि पातळी घसरेल. आत शिरून पातळी राखणं हेच जबाबदार माणसाचं काम. हो म्हटलं.

क्रेनने आज ४० किलो उचलून घेतलं माझ्याकडून. मी म्हणत होते नको, ३७ ठीक आहे. तो म्हणाला, ताई, तुम्ही डोक्याने घाबरता, पाय तयार आहेत. आणि उचललं! खाली ठेवताना मी ओरडलेसुद्धा. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश. म्हणाला, पन्नास तुमचं घेतल्याशिवाय सोडत नाही.

उद्या नक्की सांगायचं.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.००

छापखान्यात अप्रिय प्रकार. खोकल्याच्या औषधाच्या वीस हजार खोक्यांवर 'दोन चमचे'च्या जागी 'दोन चमजे' छापलं गेलं. माझ्या सहीखाली. काल दुपारी मी स्पर्धेचे नियम लिहीत होते, तेव्हा झालं असावं.

सुपरवायझरने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, कोणाकडूनही होतं. मशीनवाल्यांना मी सांगितलंय की माझ्याकडून सुटलं. पुढच्या वेळी लक्ष ठेव. एवढंच. बाहेर कोणाला पत्ता नाही.

किती सुसंस्कृत माणूस! चूक सांगावी तर अशी. मला रडू आलं. मग डोळे पुसून स्पर्धेच्या प्रवेशिका तपासल्या.

१९ मार्च, गुरुवार. दुपारी १.००

एकवीस प्रवेशिका. शुद्धलेखनाच्या चुका असलेल्या चौदा बाद केल्या, कडक. उरलेल्या सातांपैकी बँकवाल्याची त्यातल्या त्यात बरी, पण पसरट. तो मला म्हणाला, तुम्हीच जरा ठाकठीक करा ना. मी दोन शब्द काढले, एक मागचा पुढे घेतला. वाक्य झालं: "दोनशे किलो उचलतो, एक अक्षर उचलत नाही."

आता ते फार छान बसलं. भाषेच्या दृष्टीने म्हणतेय.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ८.००

ते वाक्य छापून कोणीतरी पुरुषांच्या चेंजिंग रूममध्ये लावलं. क्रेनच्या खणावर. बँकवाल्याने मला फोटो दाखवला. ठळक अक्षरं, मध्ये नीट जागा सोडलेली, मांडणी चांगली होती.

क्रेनने ते काढलं नाही म्हणे. खण उघडला, पट्टा घेतला, खण लावला. कागद तसाच.

आज त्याने फळ्यावर काही लिहिलं नाही. प्रत्येकाजवळ जाऊन तोंडी सांगितलं. आजोबांना दोनदा सांगावं लागलं. मालक वैतागला. म्हणाला, फळा म्हणजे फळा, इथे नियम एकच आहे. क्रेन म्हणाला, सांगितलेलं कोणाला कळलं नाही का? मालक म्हणाला, प्रश्न कळण्याचा नाही. तक्रारी येतायत. क्रेनने विचारलं, कोणाच्या? मालकाने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बारकडे.

२३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ८.००

मार्ग सापडला. मी क्रेनला म्हटलं, फळा मी लिहीत जाते, तुम्ही फक्त सांगा. यात फोटोची भरपाई आपोआप झाली असती आणि सांगावंही लागलं नसतं.

तो म्हणाला, नको ताई. मला जमलं पाहिजे. पोरगी एवढी मेहनत घेतेय.

मग मार्कर घेतला आणि कागद न बघता लिहिलं. सात ओळी. मी मागे उभी राहून तपासल्या. एकही चूक नाही. कोणी फोटो काढला नाही.

खरं सांगायचं तर थोडा राग आला. मदत नाकारणं हासुद्धा एक प्रकारचा अहंकारच. मी स्वतःहून, कमीपणा घेऊन पुढे गेले होते.

४५ किलो. कंबर सरळ राहिली. त्याने टाळी वाजवली.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.००

उद्यापर्यंत सांगितलं नाही तर साखर कायमची बंद. लेखी देते.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ८.००

मालक जिममध्ये होता. त्याच्यासमोर सांगणं क्रेनला अवघड गेलं असतं.

साखरेबद्दल, आईने न विचारता दोन चमचे घातले होते. चहा फेकणं बरोबर नव्हे.

२८ मार्च, शनिवार. सकाळी १०.००

पोल आला. क्रेनला कायम करावं का? हो. नको. मुदत संध्याकाळी सहा.

हा निर्णय मी भावनेने घेणार नाही. एका बाजूला: तो उत्तम शिकवतो, ३० चं ४५ केलं, आजोबांचा गुडघा बरा झाला. दुसऱ्या बाजूला: तो कायम झाला तर रोज फळा, रोज ते लोक, रोज हशा. तो यार्ड सोडून बसणार आणि मग इथे टिकला नाही तर? घर, मुलगी, सगळं. आज कोणीतरी खरं हित बघून त्याला यातून सोडवायला हवं. त्याला ते कळणार नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही. मत गुप्त असतं, हे बरं.

दुपारी १२.३०

'नको' दाबलं. दाबताना मन अगदी स्वच्छ होतं. तो गेल्यावर फोटोचा विषयही निघणार नाही, हे नंतर सुचलं. आधी नाही.

संध्याकाळी ६.०५

हो १६. नको १७.

मालकाने लिहिलं, बरोबरी झाली असती तरी ठेवणार होतो, पण आता सभासदांचा मान राखतो. म्हणजे माझ्या एकटीमुळे काही झालं नाही. बाकी सोळा जण होतेच.

संध्याकाळी ६.२०

डेंटिस्टचा मेसेज: अगं, तूही? तुझं तरी तो इतकं करत होता. आम्ही आपले गंमत म्हणून दाबलं. वाटलं, तो येतोच आहे निवडून.

तिला कसं कळलं, असं विचारलं. ती म्हणाली, पोलवर बोट ठेवलं की नावं दिसतात, मुख्याध्यापिका.

बोट ठेवून बघितलं. 'नको'खाली सतरा नावं. माझा फोटो सगळ्यात वर, हसरा. क्रेन मंगळवारपर्यंत आहे.

२९ मार्च, रविवार. दुपारी ३.००

बोलणं माझा प्रांत नाही. पत्र लिहायचं. दिवसभर तेच. चौथा खर्डा नऊ ओळींचा:

पहिल्या तीन ओळींत त्याच्या शिकवण्याचं कौतुक. चौथी ओळ: 'तो फोटो मी काढला, मीच पुढे पाठवला, आणि महिनाभर तुमच्यासमोर उभी राहून गप्प बसले.' उरलेल्या पाच ओळींत मताबद्दल खुलासा आणि शुभेच्छा.

पाणी प्यायला उठले. परत आले तर पत्र टेबलावर नाही. आत्याने नेलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराला टोचलेलं, लाल पेनाने एक वेलांटी दुरुस्त. आई पोळपाट बाजूला ठेवून वाचत होती. आई म्हणाली, हे तू केलंस? आत्या म्हणाली, भाषा स्वच्छ आहे. पण चौथी ओळ काढून टाक, लिहून देऊन कोणी फसतं का? आईने पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ती ओळ आहे म्हणून हे पत्र आहे.

वेलांटी सुधारून पुन्हा लिहिलं. चौथी ओळ ठेवली. मी आत्यासारखी नाही.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी ६.३०

आजचे दोन संकल्प. पन्नास उचलायचं. पत्र द्यायचं. क्रम: आधी पत्र, म्हणजे मन हलकं होऊन वजनही हलकं वाटेल. पत्र पाकिटात, पाकीट टॉवेलात. आज काहीही झालं तरी.

संध्याकाळी ७.५०, घरी

शांतपणे, झालं तसं लिहिते.

साडेपाचला पोचले. फळ्यावर त्याने शेवटचा व्यायाम लिहिला होता, निर्दोष. कोपऱ्यात माझा बार लावून ठेवलेला. बार वीसचा, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधराच्या प्लेट. म्हणाला, या ताई, तुमचं पन्नास राहिलंय. पोलबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, त्याला नावं बघता येतात हे माहीत नसेल.

मी पत्र पुढे केलं. त्याने हात दाखवले. बार सटकू नये म्हणून लावतात ती पांढरी पावडर, मनगटापर्यंत. म्हणाला, कागद खराब होईल, तुम्हीच वाचून दाखवा.

पावडरचं निमित्त आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. बिचाऱ्याला वाचायला वेळ लागतो आणि चारचौघांत ते दिसायला नको असेल. त्याचा मान राखायचा म्हणून मी वाचायला सुरुवात केली.

डेंटिस्ट शेजारच्या बेंचवर होती. तिने कानातले इअरफोन काढले. बँकवाला पाण्याची बाटली घेऊन जवळ आला. आजोबाही. मालक काउंटरवरून. मी तीन ओळी वाचल्या, कौतुकाच्या. आवाज छान लागला होता. आजोबा मान हलवत होते.

मग पाचव्या ओळीवर गेले.

हे खोटं नव्हे. मी एक अक्षरही खोटं वाचलं नाही. शेवटपर्यंत वाचलं, शुभेच्छांसकट. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डेंटिस्ट म्हणाली, वा, काय भाषा आहे!

क्रेन माझ्या शेजारी उभा होता, हात अंगापासून लांब धरून. कागदाकडेच बघत होता, हे मला तेव्हा दिसलं. हळू आवाजात म्हणाला, ताई, चौथी ओळ राहिली.

मी म्हटलं, हो का, उजेड कमी आहे. डोक्यावर ट्यूबलाइट होती.

तो म्हणाला, मग आता वाचा. त्या दिवशी तुम्ही आणि मी, दोघंच होतो इथे. महिनाभर त्याच ओळीची वाट बघतोय.

रागाने नाही म्हणाला. शेवटच्या उचलीला मी अडकले की जसा थांबतो तसा थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद बघितला. अक्षरं स्वच्छ होती, ओळ एकच होती, चौदा शब्द. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, घशाला कोरड पडलीय, पाणी पिऊन येते.

पाणी पिऊन आले तेव्हा तो माझ्या बारच्या प्लेट काढून रॅकवर लावत होता. एक, मग दुसरी बाजू. बार नुसता राहिला. मी विचारलं, पन्नास? तो म्हणाला, नको ताई, नाही पेलायचं. मग हात धुतले, बॅग घेतली, आजोबांच्या पाया पडला आणि गेला. उद्या सकाळची पाळी आहे म्हणे, यार्डात.

पत्र माझ्याचकडे आहे. आता नीट बघितलं तर दिलं नाही तेच बरं झालं. सहाव्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता.